मापात पाप

वाणी डाळ जोखू लागला, की तराजूच्या काट्यावर डोळा ठेवून उभे राहायचे, हे शिक्षण आमच्या पिढीला आईकडून मिळाले. वजनांवर सरकारी शिक्का आहे का, पारड्याखाली चिंच तर चिकटवलेली नाही ना, हे सगळे पाहायचे आणि मगच पिशवी पुढे करायची. पण हल्ली घरात एक असा जिन्नस येतो, की तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि त्याचे बिल मात्र दरमहा न चुकता येते. हा जिन्नस म्हणजे इंटरनेट. तो पुरता मिळाला की कमी, हे जोखायचे कसे? या प्रश्नापायी यंदाच्या गणपतीत आमच्या ताईच्या घरी, मुरबे गावी, जे रामायण घडले ते सांगतो.

मुरबे हे पालघर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. खाडीच्या अलीकडे मुरबे, पलीकडे सातपाटी. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास पाहुण्याचे स्वागत आधी करतो, घरची माणसे मागाहून. अशा गावात सेकंदाला ५०० मेगाबिटांची काचेची तार ताईच्या माजघरापर्यंत आली आहे, हे ऐकून मी चाटच पडलो. १९९५ च्या ऑगस्टात आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट आले तरी माणूस धन्य होत असे. ताईकडची तार त्याच्या पन्नास हजार पटींहून अधिक!

भाचेबुवा मात्र धन्य नव्हते. ते मुंबईच्या एका कंपनीचे काम घरी बसून करतात. त्यांनी रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याएवढा एक संगणक कपाटावर बसवला होता. हे इवलेसे यंत्र दर तासाला बाहेरच्या जगाशी आपणहून बोलणी करी, वेग मोजी आणि टिपून ठेवी. महिन्याभराच्या नोंदी त्यांनी माझ्यापुढे धरल्या. सकाळी ९४, दुपारी ९४, रात्री ९४.

"बघा मामा! पाचशेचे पैसे घेतात आणि शंभरसुद्धा देत नाहीत. शुद्ध चोरी आहे!"

मलाही ते पटले. कागदावर आकडे लिहून आणले, की आमच्यासारख्यांना ते पटतातच. भाचेबुवांनी तोवर कंपनीकडे तीन तक्रारी केल्या होत्या आणि महिन्याचे बिल थकवले होते.

आता या तक्रारींचे ओझे कोणाच्या डोक्यावर? कंपनीच्या साहेबाच्या नव्हे. तार जोडणारा पोरगा गावातलाच. तीन तक्रारींपायी तो भर पावसात तीनदा खांबावर चढला, जोड तपासले, घरातला डबा बदलून दिला. आपल्या यंत्रावर त्याला सगळे ठीक दिसे. भाचेबुवांच्या यंत्रावर पुन्हा ९४. चौथी तक्रार गेली तर हा भाग आपल्याकडून काढून घेतील, असे तो ताईला हळूच सांगून गेला होता. ताईला ते लागले होते. "त्याच्या आईकडून मी वीस वर्षं मासळी घेतेय. वाट्याला कधी एक बोंबील कमी निघाला नाही," एवढेच ती म्हणाली आणि मोदकांच्या सारणाकडे वळली.

भाऊजी इतका वेळ वर्तमानपत्रात होते. त्यांची सारी नोकरी बोईसरच्या कारखान्यात गेली, आणि तीही मापकयंत्रांच्या खात्यात. दाब, उष्णता, प्रवाह दाखवणारे जितके म्हणून काटे, तितक्यांची तपासणी त्यांच्याकडे. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"रात्री आठला किती येतो?"

"चौऱ्याण्णव."

"आणि पहाटे तीनला?"

"चौऱ्याण्णवच."

"अरे, मग हा वेग नव्हे. रात्री आठला सगळा गाव सिनेमे बघतो, पहाटे सगळा गाव झोपतो. खरी वस्तू हलते. काटा महिनाभर एकाच जागी उभा राहिला, तर आम्ही आधी काटा अडकलाय का ते बघायचो."

आणि काटा अडकलेलाच होता! भाचेबुवांचे यंत्र त्या जातीतले तिसरे मॉडेल, २०१६ सालचे. तारेने जोडण्याची त्याची जी खाच असते, तिच्यातून सेकंदाला १०० मेगाबिटांपलीकडे काही जाऊच शकत नाही. त्यातले पाचसहा मेगाबिट पाकिटांवरचे पत्ते लिहिण्यातच खर्ची पडतात, राहतात ९४. पावशेराच्या मापट्याने हंडा मोजायला बसल्यासारखे हे झाले. एकदम हजार मेगाबिट झेलणारी खाच या यंत्रांना २०१९ च्या चौथ्या मॉडेलात मिळाली. (यंत्र नवे असूनही तुमच्या घरी हाच ९४ चा आकडा येत असेल, तर जोडतार पाहा. तिच्या पोटात आठ तारा असतात. त्यांतली एखादी तुटली, की उरलेल्यांतल्या चारांवर काम कसेबसे चालते, पण शंभराच्याच चालीने.)

भाचेबुवा ओशाळले, पण हरले नाहीत. शहाण्या माणसाचे हेच वाईट. मोजणीचा कारखाना त्यांनी आपल्या नव्या संगणकात हलवला, आणि बाहेरच्या कोणावर विसंबायचे नाही म्हणून वेग देणारेही घरचेच यंत्र आणि घेणारेही घरचेच अशी योजना केली. आधी मोबाइलवरून बिनतारी मोजले. माजघरात ३१०, पडवीत १९०, मागच्या दारी ६०. भिंती जितक्या आड, तितका आकडा खाली. मग दोन्ही यंत्रे तारेने जोडली आणि आकडा आला ९४१!

क्षणभर घरात शांतता पसरली. विकत घेतलेले ५०० आणि हाती आलेले ९४१.

"आता वरचे चारशे एक्केचाळीस परत करायचे का रे?" ताईने विचारले.

भाऊजी हसून लोटपोट झाले. चूक अशी, की या मोजणीत विकतची तार कुठेच नव्हती. एका खोलीतून निघालेला माल दुसऱ्या खोलीत पोहोचत होता. उंबरठा त्याने ओलांडलाच नव्हता. खाडीत या काठावरून त्या काठाला होडी किती वेळात जाते हे पाहून समुद्रातून किती मासळी येईल हे सांगण्यासारखेच ते. अशी मोजणी निरुपयोगी नाही, बरे का. घरातल्या भिंती, तारा आणि डबे कितपत धड आहेत ते तिच्यावरून कळते. पण तिच्या जोरावर घराबाहेरच्या माणसाला चोर म्हणता येत नाही.

मग भाऊजींच्या देखरेखीखाली मोजणी नव्याने झाली. घरातले सिनेमे बंद, मोबाइल बाजूला. संगणक थेट कंपनीच्या डब्याला नव्या तारेने जोडलेला. समोरचे टोक मुंबईतले, लांबच्या देशातले नव्हे. कारण माल पोहोचल्याची पावती यायला जितका उशीर, तितकी पुढची खेप रेंगाळते. आणि एका धारेऐवजी सहा धारा एकदम. होडीतून पाट्या उतरवणारी बाई एकटी असली, तर ती काठावरून परत येईपर्यंत होडी तशीच उभी राहते. सहाजणी असल्या की हात थांबत नाही. समोरच्या टोकालाही आपली मर्यादा असतेच, म्हणून भाऊजींनी तीन वेगवेगळी टोके घ्यायला लावली. सकाळ, दुपार, रात्र अशा नऊ मोजण्या झाल्या. सर्वांत कमी ४५२, सर्वांत जास्त ४८८. आकडा हलत होता, म्हणजे काटा मोकळा होता.

एवढे झाल्यावर शेजारच्या मुलाने नवीच शंका काढली. सिनेमा उतरवून घेताना त्याला कधी साठाच्या वर आकडा दिसत नव्हता. तो बाइटचा हिशेब. आठ बिटांचा एक बाइट. पाचशेला आठाने भागा, साडेबासष्ट येतात. त्याची समजूत दोन मिनिटांत पटली.

राहिली तक्रार. ती मागे घ्यायची म्हणून भाचेबुवा कंपनीच्या यादीत कारण शोधू लागले. 'अडचण दूर झाली' होते, 'कर्मचाऱ्याने दुरुस्ती केली' होते. 'चूक आमची होती' असे कारण यादीत कुठेच नव्हते. शेवटी त्यांनी फोन करून एका बाईंना सगळे समजावले. बाईंनी ऐकून घेतले आणि लिहिले काय, तर 'अडचण दूर झाली'. म्हणजे त्या पोराच्या नावावर तीन तक्रारी जशाच्या तशा. तेव्हा भाचेबुवांनी नऊ मोजण्यांचा कागद, खाली आपली सही ठोकून, त्याच्या वरिष्ठाकडे नेऊन दिला आणि थकलेले बिलही भरले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पोरगा घरी आला. ताईने मोदकांचे ताट पुढे केले. त्याने एक उचलला, कपाटाच्या माथ्याकडे पाहिले आणि विचारले, "ते यंत्र अजून चालूच आहे?"

चालूच होते. दिवा लुकलुकत होता आणि दर तासाला ९४ लिहिणे सुरूच होते.