पडद्यावरची थप्पड आणि कोठडीतला माणूस

संध्याकाळी रेल्वे कॉलनीत फेरी मारली तर घराघरांतून एकच आवाज येतो. साहेब थप्पड लगावतात आणि आरोपी घडाघडा बोलू लागतो. १९९८ साली सुरू झालेल्या 'सीआयडी' मालिकेतल्या दयाच्या थपडेवर आमची पोरे मोठी झाली. पुढे 'सिंघम' (२०११) आला, 'सिंबा' (२०१८) आला. 'सिंबा'त तर फौजदार आरोपींना पोलीस ठाण्यातच गोळ्या घालून चकमकीचा बनाव रचतो, आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. त्या शिट्ट्यांत आमच्या सभासदांच्याही असतात, हे आम्ही लपवत नाही.

पण याला करमणूक म्हणून सोडून देणे आम्हाला मान्य नाही. गुन्हा कोणी केला हे सिनेमात प्रेक्षकाला आधीच दाखवलेले असते. त्यामुळे पट्टा उगारला की तो योग्य पाठीवरच पडणार, अशी खात्री वाटते. खऱ्या कोठडीत ती खात्री कोणी द्यायची? यार्डात मालडब्याचे सील तुटले की आधी उचलला जातो तो ठेकेदाराचा हमाल, कारण त्याचा जामीन भरायला कोणी येत नाही. शिवाय पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हा इंग्रजांच्या काळापासूनचा नियम नव्या कायद्यातही कायम आहे. सिनेमावाल्यांना तो ठाऊक नसेल काय?

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. शिरपूरकर आयोगाने २०२२ साली पोलिसांची ती कहाणी रचलेली ठरवली. मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, असेही आयोगाने म्हटले. तोवर फुले सुकून गेली होती.

वेगळे चित्रपट निघालेच नाहीत असे नाही. पानवलकरांच्या कथेवरच्या 'अर्धसत्य'मध्ये (१९८३) वेलणकराच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो, आणि त्याबद्दल कोणी टाळ्या मागत नाही. तमिळ 'विसारणै' (२०१५) तर कोइमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी स्वतः भोगलेल्या कोठडीवर लिहिलेल्या पुस्तकावरून निघाला. गुंटूरला पोटासाठी गेलेल्या मजुरांना न केलेल्या चोरीची कबुली द्या म्हणून झोडपतात. मार खाणाऱ्यानेच लिहिले, म्हणून तिथे मार गंमत वाटत नाही.

आणि आमचा स्वतःचा इतिहास? ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या रेल्वे संपात हजारोंना 'मिसा' आणि भारत संरक्षण नियमांखाली डांबले, बायकामुलांना क्वार्टरबाहेर काढले. त्यावर एकही धंदेवाईक चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. वर्दीवाल्याला त्यात नायक कसा करणार!

भारताने १९९७ साली संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली. २०१० साली लोकसभेने विधेयकही मंजूर केले. ते राज्यसभेत अडकले आणि रद्द झाले. कराराला अंतिम मान्यता अजून नाही.

शाखांनी येत्या सभेत 'विसारणै' दाखवावा. डी. के. बसू खटल्यातील १९९६ चे निर्देश, म्हणजे अटक होताच नातेवाइकाला कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी वगैरे, मोठ्या अक्षरांत युनियन ऑफिसच्या फळ्यावर लावावेत. कंत्राटी कामगारांच्या विश्रांतीच्या जागीही एक प्रत लावायला विसरू नये.