फोनवर कोणी तब्येत विचारली तर?



अनोळखी नंबरवरून फोन येतो. "आरोग्य सर्वेक्षणासाठी बोलतेय, पाच मिनिटं वेळ आहे का?" आपण काय करतो? बहुतेक जण "वेळ नाही" म्हणून फोन कट करतात. काही जण वर दोन शब्द सुनावतात. लोन आणि प्लॉटच्या फोनांनी वैतागलेल्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा! तरीही माझं स्पष्ट मत आहे, की फोन खरा असेल तर उत्तरं द्यावीत, आणि खरी द्यावीत.

शितावरून भाताची परीक्षा हे आपण वर्गात शिकवतोच. पण शीत कुठून उचललं, हेही बघावं लागतं. वरचा भात शिजलेला आणि खालचा कच्चा असेल, तर एका शितावरून काय कळणार? १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या मासिकाने निवडणुकीचा अंदाज घ्यायला सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. उत्तरं आली साधारण पाव लोकांची. मासिकाने लँडन जिंकणार म्हणून छापलं, आणि रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली! यादी खात्यापित्या लोकांकडे झुकलेली होतीच. शिवाय ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांचं मत उत्तर देणाऱ्यांपेक्षा वेगळं होतं. आकडा लाखांत असला म्हणून तो खरा असतोच असं नाही.

त्याच अमेरिकेत १९८४ पासून आरोग्याचं टेलिफोन सर्वेक्षण चालू आहे. सुरुवात १५ राज्यांत झाली. आज दरवर्षी चार लाखांहून अधिक प्रौढांना तंबाखू, व्यायाम, मधुमेह, लसीकरण याबद्दल विचारलं जातं. घरातले जुने फोन कमी होत गेले, तेव्हा २०११ पासून त्यात मोबाईलही घेतले, नाहीतर तरुण मंडळी मोजणीतून सुटली असती.

आपल्याकडचं उदाहरण तर आठवतच असेल. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारच्या वतीने १९२१ या क्रमांकावरून लोकांना फोन जात होते: ताप आहे का, खोकला आहे का? दुसऱ्या नंबरवरून सर्वेक्षणाच्या नावाने फोन आला तर सावध राहा, हेही तेव्हाच सांगावं लागलं होतं. आता विचार करा. हातावर क्वारंटाइनचे शिक्के बसत होते, बिल्डिंगा सील होत होत्या. अशा वेळी "हो, खोकला आहे" असं फोनवर कोण सांगणार? लोक खोटारडे नव्हते, घाबरलेले होते. म्हणून उत्तर मागणाऱ्यानेही आधी सांगायला हवं, की ही माहिती कुठे जाणार आणि माझं नाव तिच्यासोबत जाणार का.

दुसरी अडचण घरातलीच. फोन असतो घरच्या पुरुषाच्या खिशात. आईची तब्येत विचारली की तो म्हणतो, "तिला काय धाड भरलीय!" बीपीची गोळी ती फडताळात कुठे ठेवते, हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. प्रश्न बाईंबद्दल असेल तर फोन बाईंच्या हातात द्या आणि आपण जरा बाजूला व्हा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सूनबाई काय खरं सांगणार?

आता फसवणुकीचं बघू. ती भीती अजिबात खोटी नाही. वय, आजार, औषधं, तंबाखू, डॉक्टरकडे कधी गेलात, हे सर्वेक्षणाचे प्रश्न. ओटीपी, आधार नंबर, बँक खातं, लिंक उघडा, अमुक ॲप टाका असं म्हटलं की तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. शंका आली तर "नंतर बोलतो" म्हणा आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारून घ्या. खरा सर्वेक्षक यावर चिडत नाही. एखाद्या प्रश्नाला "सांगायचं नाही" म्हणायचा आणि मध्येच थांबायचा हक्क आपल्याला असतोच.

आपल्यापैकी अनेक जण जनगणनेला आणि २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर फिरलेत. (अशैक्षणिक कामांवरचा आपला राग रास्तच आहे, पण तो विषय वेगळा.) दार न उघडणारं घर आणि "सगळं बरंय हो" म्हणून वाटेला लावणारं घर, दोन्ही आपण पाहिली आहेत. त्या रकान्यात शेवटी काय भरलं जातं, तेही आपल्याला माहीत आहे.

आणखी एक. घरातला फोन बऱ्याचदा मुलंच उचलतात. "थांबा, मोठ्यांना देतो" इतकंच त्यांनी बोलायचं. घरात कोण आजारी, औषध कोणतं, हे सांगायचं नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला दोन मुलांना उभं करून असा फोन करून बघा, एक विचारणारा, एक उचलणारा. दहा मिनिटं पुरतात, आणि वर्गाला मजा येते ती वेगळीच.