‘नादुरुस्त’ लिहिण्यापूर्वी

‘दुरुस्त’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याला ‘ना’ जोडला की ‘नादुरुस्त’. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत हा शब्द एकदा लिहिला गेला की त्या वस्तूचे नशीब ठरते. संगणकाचे तर हमखास. पडदा काळा राहतो, कुणीतरी खोके उघडतो, प्रोसेसरची एखादी पिन वाकलेली दिसते आणि ‘प्रोसेसर गेला’ असा निकाल लागतो. मग निर्लेखनाचा प्रस्ताव जातो आणि मंजुरी येईपर्यंत संगणक कपाटावर धूळ खात पडतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रोसेसरला इजा दिसणे आणि तो निकामी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी इजा कुठे आहे ते पाहावे. गेल्या वीसेक वर्षांतल्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला पिना नसतात, सपाट सोनेरी ठिपके असतात. पिना असतात मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये. तिथे पिन वाकली असेल तर दोष बोर्डाचा, प्रोसेसर धडधाकट असू शकतो. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला मात्र खालच्या बाजूला १३३१ पिना असतात. थंड करणाऱ्या पंख्याखालची पेस्ट वाळून चिकटली की पंखा ओढताना प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून यंत्र चालू होत असेल तर काही मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून, वायर काढून, पंखा हलकेच फिरवत सोडवावा.

वाकलेली पिन भिंगाखाली, पातळ पात्याने, थोडी थोडी करत सरळ होते. ती शेजारच्या पिनेला टेकलेली असताना वीज देऊ नये. पिन तुटलीच असेल तरी लगेच आशा सोडू नये. बऱ्याच पिना वीज आणि अर्थिंगसाठी असतात आणि एकाच कामाला अनेक पिना लावलेल्या असतात. त्यातली एक गेली तरी काम चालू शकते. मेमरीशी जोडलेली पिन गेली तर रॅमचा एखादा स्लॉट बंद पडतो, बाकी यंत्र चालते. मात्र आतल्या सिलिकॉनच्या चकतीलाच तडा गेला असेल, तर तो प्रोसेसर बहुधा संपला असे समजावे.

चाचणी चांगल्या, महागड्या बोर्डावर करू नये. शॉर्ट झाला तर तोही जाईल. त्याच सॉकेटचा, चालू असलेला जुना बोर्ड घ्यावा. नवी पेस्ट, पंखा, रॅमची एकच पट्टी आणि पडदा एवढेच जोडावे. पंखा फिरला म्हणजे प्रोसेसर चालला असे नव्हे. बायोसमध्ये त्याचे नाव आणि तापमान दिसले पाहिजे. मग रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहावी, मेमटेस्ट चालवावी, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे आणि तासभर भरपूर काम द्यावे. तेवढ्यात यंत्र अडकले किंवा आपोआप बंद पडले, तर त्यावर भरवसा ठेवू नये. उलट बाजूनेही तपासावे. चांगला प्रोसेसर बंद यंत्रात बसवूनही पडदा काळाच राहिला, तर चोर दुसरीकडे आहे. तो पॉवर सप्लाय किंवा रॅमही असू शकतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप जुन्या यंत्रासाठी कशाला? आणि हे शिक्षकाचे काम आहे का? ज्या घरात संगणक आहे, तिथल्या मुलाला शाळेतल्या एका यंत्राने फरक पडत नाही. पण मालेगाव-भिवंडीच्या उर्दू शाळेत यंत्रमाग कामगाराची मुलगी बसते. नस्तालीक आणि देवनागरी दोन्ही टाइप करायला शिकण्याची तिची जागा कदाचित तेवढीच असते. त्यासाठी नवा प्रोसेसर लागत नाही, चालणारा लागतो. तिच्या वडिलांच्या कारखान्यात एक भाग मोडला म्हणून अख्खा माग भंगारात जात नाही. जॉबर येतो, कुठला भाग गेला ते शोधतो, तेवढाच बदलतो. ही समज आपल्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या आहे. ती शाळेच्या फाटकाबाहेर का थांबते?

भंगारात गेलेले यंत्र नाहीसे होत नाही, हेही लक्षात घ्यावे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादच्या रामगंगेकाठी अशीच सर्किटे जाळून, आम्लात बुडवून धातू काढले गेले. तो धूर गरीब कामगारांनी श्वासात घेतला. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. खरोखर मेलेला प्रोसेसर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. पण जिवंत प्रोसेसर त्या वाटेला लावणे ही दुहेरी उधळपट्टी आहे.

म्हणून ‘नादुरुस्त’ या शेऱ्यासमोर आणखी तीन गोष्टी लिहिण्याची सक्ती हवी: कोणता भाग तपासला, कसा तपासला आणि काय आढळले. आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली ही तपासणी करू द्यावी. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, प्रयोग आणि अनुमान असा क्रम आपण शिकवतो. नोंदवहीत मात्र निरीक्षणावरून थेट अनुमानावर उडी मारतो. मधला प्रयोग मुलांच्या हातून झाला, तर काही संगणक वाचतील आणि दिसण्यावरून निकाल देऊ नये, एवढे मुले नक्की शिकतील.