पाते कोणाच्या हाती?

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. शिक्षणासाठी पारनेर तालुक्यातून आमच्याकडे नगरला राहायला आलेला माझा पुतण्या एका सकाळी मोरीतून बाहेर आला, तो गळ्याला वर्तमानपत्राचे तीन कपटे चिकटवून. हनुवटीखाली लाल पुरळ, दोन ठिकाणी रक्त. ‘काका, आजोबांचा तो लोखंडी रेझर अजून आहे का हो?’ त्याने विचारले. माझ्या वडिलांचा रेझर लोखंडी नव्हता, पितळेवर मुलामा दिलेला होता. पण तो होता. ट्रंकेत, त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला.

चिरंजीवांनी तोवर मोबाइलवर पाहून दाढीच्या सामानाची यादीही केली होती. परदेशी रेझर, बिज्जूच्या केसांचा ब्रश, तो टांगायला स्टँड, फेस करायला चिनी मातीचा वाडगा, दाढीपूर्वी लावायचे तेल, चंदनी साबण, दाढीनंतरचे दोन प्रकारचे पाणी. बेरीज साडेसात हजार. पाच पात्यांच्या आधुनिक रेझरने गळा सोलून निघतो म्हणून जुन्याकडे वळायचे, आणि जुने घ्यायचे तर ते आधुनिकाच्या दुप्पट भावाने! मी त्याला म्हटले, आधी माझ्याबरोबर बाजारात चल, मग काय ते मागव.

त्या निमित्ताने जे पाहिले आणि जो हिशेब मांडला, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा स्वस्त झालेल्या वस्तूंच्या याद्यांत टूथपेस्ट, शाम्पू यांच्या जोडीला दाढीचे क्रीमही होते. कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह ११८ रुपयांना मिळणारी ट्यूब १०५ रुपयांना मिळायला हवी. चांगलेच झाले. पण ब्रशने फेस करणाऱ्याला एक ट्यूब दोन-तीन महिने सहज पुरते. तेव्हा बचत महिन्याला पाच-सहा रुपयांची. दाढीचा खरा खर्च फेसात नसतोच, तो पात्यात असतो.

पात्याचा इतिहास इथे थोडा सांगायला हवा. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाने वापरून फेकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना काढली. १९०३ साली त्याचे रेझर खपले अवघे ५१. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि युद्ध संपल्यावर परतलेले जवान ती सवय घरी घेऊन आले. जिलेटने रेझर स्वस्तात वाटला आणि पात्यांवर पैसा केला, असे व्यापाराच्या वर्गात शिकवतात. प्रत्यक्षात पेटंटची मुदत होती तोवर, म्हणजे १९२१पर्यंत, त्याने रेझर चांगला पाच डॉलरना विकला. तो काळ लक्षात घेता ही किंमत चढीच होती. पेटंट संपले तेव्हा कुठे भाव उतरले.

पण पेटंट संपल्याचा दुसरा परिणाम आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा. मधोमध खाच असलेले ते दुधारी पाते सगळ्या जगाचे झाले. कोणत्याही कंपनीचे पाते कोणत्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसू लागले. आपल्याकडे मल्होत्रा घराण्याने या धंद्यात जम बसवला. अशोक, भारत, टोपाझ ही पाती घरोघरी पोचली. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये सुपरमॅक्स तयार होत असे. ‘सेव्हन ओ’क्लॉक’ची पाकिटे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवत असतील. गिऱ्हाईक एका पात्यावर नाराज झाले, तर चार आण्यांत दुसऱ्याकडे जाई.

ही मोकळीक कंपन्यांना परवडणारी नव्हती. १९७१मध्ये दोन पात्यांचे काडतूस आले, १९९८मध्ये तीन पात्यांचे, नंतर पाच. प्रत्येक काडतुसाची खाच वेगळी, प्रत्येकाचे पेटंट वेगळे. दांडा एकदा घेतला की काडतूस त्याच घरचे. मोबाइलच्या चार्जरबाबत आपण जी ओरड करतो, तीच ही गोष्ट. फक्त ती न्हाणीघरात असल्यामुळे कुणी बोलत नाही.

हिशेब करून पाहा. एक दिवसाआड दाढी धरली तर वर्षाला साधारण १८० दाढ्या. दुधारी पाते पाच दाढ्या चालते, म्हणजे ३६ पाती. पाच रुपयांचे एक धरले तरी १८० रुपयांत वर्ष निघाले. बहुपाती काडतूस शंभर रुपयांच्या वर. राठ दाढीला ते बारा वेळा चालले तर पंधरा काडतुसे, दीड हजार रुपये. सहाशे रुपयांचा धातूचा रेझर घेतला तर वर्षभराच्या आतच तो फुकटात पडतो.

या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. २०१०मध्ये जिलेटने खास भारतासाठी ‘गार्ड’ हा एकपाती रेझर आणला. किंमत १५ रुपये, काडतूस ५ रुपये. त्यामागची कथा मोठी गमतीची आहे. त्यापूर्वी कंपनीने भारतासाठी काढलेल्या एका रेझरची चाचणी अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती. तिथे तो उत्तम चालला. इथे आल्यावर मात्र पात्यांत केस अडकून बसू लागले. कारण बोस्टनला नळाखाली रेझर धुता येतो; आपला माणूस दाढी करतो ती पेलाभर पाण्यात! मग कंपनीचे लोक इथे येऊन घराघरांत बसले. जमिनीवर बसून, हातात आरसा धरून, अंधुक उजेडात केलेली दाढी त्यांनी पाहिली आणि तिला जमेल असा रेझर बनवला. पेलाभर पाण्याची महती कळायला त्यांना महासागर ओलांडावा लागला. आमच्या पाथर्डी-जामखेडच्या कोणत्याही माणसाने ती फुकट सांगितली असती.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर नवशिक्याने सगळ्यात आधी आपले पाणी पाहावे, असे माझे मत आहे. नगर शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते, त्याला फेस बरा येतो. पण जिल्ह्याच्या कित्येक गावांत आणि शहराच्या वाढत्या वस्त्यांतही बोअरचे पाणी आहे, आणि ते जड. जड पाण्यातले क्षार साबणाशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी पांढरट साका धरतो. मग पोरे म्हणतात, साबण भिकार आहे. अशा पाण्याला वडीच्या साबणापेक्षा ट्यूबमधले क्रीम सोयीचे. पाणी उकळून घेतले तर जडपणाचा काही भाग तळाशी बसतो. पुतण्याच्या गावी हेच पाणी, म्हणून यादीतला चंदनी साबण पहिल्यांदा खोडला.

कापडबाजाराच्या आसपासच्या दुकानांतून आम्ही हिंडलो. एका जुन्या दुकानदाराने काउंटरखालून रेझरचा खोका काढला आणि म्हणाला, ‘आता हे कोण घेतंय? माजी सैनिक येतात तेवढे.’ नगर हे लष्कराचे गाव. आर्मर्ड कोअरचे केंद्र इथे १९४८पासून आहे. रोज सकाळी गुळगुळीत दाढी ही सवय या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत फौजेतून आणि कॅन्टीनच्या सामानातून आली. माझे वडील फौजेत नव्हते, पण त्यांचा रेझर भिंगारच्या एका सुभेदार मित्राने दिलेला होता.

रेझर घेताना नवख्याने दोन गोष्टी पाहाव्यात. डोक्याची पट्टी सलग हवी, दातेरी नको. दातेरी रेझर पाच दिवस वाढलेल्या दाढीसाठी आणि मुरलेल्या हातासाठी. आणि तीन भागांत सुटणारा साधा रेझर फुलपाखरासारख्या उघडणाऱ्यापेक्षा बरा. त्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि साका धुऊन निघतो. थोडा वजनदार असावा. काडतुसाच्या रेझरने आपल्याला दाबून ओढायची खोड लावली आहे. इथे दाबले की कापले! रेझरचे वजनच काम करते. आपण फक्त तो गालाशी साधारण तीस अंशांत तिरपा धरायचा. पहिला हात केसांच्या कलाने, आखूड आखूड. वाटले तर पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात पहिले काही महिने फिरवूच नये. पुतण्याच्या गळ्यावरचे पुरळ त्यातलेच. अनेक पाती एकामागून एक केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापतात. मग कुरळा केस बाहेर येण्याऐवजी आतच वळतो आणि फोड धरतो.

पात्यांच्या बाबतीत मात्र कुणाचाही सल्ला मानू नये. माझ्या दाढीला जे लोण्यासारखे चालते ते तुमच्या दाढीला ओरबाडेल. चार-पाच कंपन्यांची एकेक पुडी आणावी, पन्नास रुपयांत प्रयोग होतो. खाच सगळ्यांची सारखी असल्याचा फायदा हाच.

ब्रशचे म्हणाल तर बिज्जूचे केस महाग, आणि रानडुकराच्या राठ केसांचा ब्रश कित्येक घरांत चालत नाही. आता कृत्रिम तंतूंचे ब्रश इतके मऊ निघाले आहेत की नवशिक्याने दुसरीकडे पाहूच नये. लवकर वाळतात, वास धरत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांतून अँथ्रॅक्सची लागण होऊन माणसे दगावली होती, हेही जुन्याच्या प्रेमात पडलेल्यांनी ध्यानात ठेवावे. सगळेच जुने सोने नसते.

तेल, वाडगा, स्टँड, दोन प्रकारचे पाणी हे सगळे गळाले. वाडग्याऐवजी स्टीलची वाटी. शेवटी तुरटीचा खडा घेतला. ओल्या गालावर तो फिरवला की बारीक रक्तस्राव थांबतो, आणि जिथे चरचरते तिथे आपला हात चुकला हेही कळते. एवढा स्वस्त मास्तर शोधून मिळणार नाही. आजोबांचा रेझर त्याला दिला नाही. त्याची चूड झिजली होती, पाते एका बाजूने वर राही. साडेसात हजारांची यादी नऊशेत बसली.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. घरोघर लोक दाढी करू लागले तर सलूनवाल्याने काय करायचे? आमचे तात्या माळीवाड्याच्या बाजूला तीस वर्षे दुकान चालवतात. त्यांचे वडील खेड्यात बलुत्यावर होते. धोकटी घेऊन वाड्या-वस्त्या फिरायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य मिळायचे. तो व्यवहार गोड होता असे समजण्याचे कारण नाही. वस्तऱ्याला नकार देण्याची ताकदही या समाजाने दाखवली आहे. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून संप केला होता. आपल्या उत्पन्नावर पाणी सोडून केलेला तो संप होता.

तात्यांना खरा दणका बसला तो २०२०मध्ये. मार्चपासून दुकान बंद. २८ जूनला राज्य सरकारने सलूनना परवानगी दिली, ती केस कापण्यापुरती, दाढीला मनाई. ती मनाई पुढे उठली, पण त्या तीन-चार महिन्यांत ज्यांनी घरी हात बसवला त्यांतले बरेच परतलेच नाहीत. तरुण आले ते दाढी काढायला नव्हे, राखायला आणि कोरायला. सलूनवरचा जीएसटी आता पाच टक्के झाला, याचे तात्यांना काही नाही. वर्षाला वीस लाखांच्या आतल्या धंद्याला नोंदणीच लागत नाही. तो दिलासा काचेच्या दारांच्या वातानुकूलित दुकानांचा.

तात्यांच्या हातात आता वस्तरा नसतो. एड्सच्या भीतीने पाजवायचा वस्तरा गेला आणि अर्धे पाते बसवायची दांडी आली. पुडीसकट पाते मधोमध मोडायचे, अर्धे या गिऱ्हाइकाला, अर्धे पुढच्याला. ते आपल्यादेखत बसवले जाते की नाही हे प्रत्येकाने पाहावे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहू शकतो. पाते बदलले जाते, पण तोच तुरटीचा खडा गावभर फिरतो! मी एकदा भीत भीत तात्यांना तसे म्हणालो. ते रागावले नाहीत. तेव्हापासून तुरटीचे पाणी बाटलीत करून शिंपडतात.

पुतण्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मनात थोडी चोरी होती. गिऱ्हाईक तोडायचे आणि शिकवणीही त्यांच्याकडूनच घ्यायची. तात्यांनी त्याची हनुवटी वर केली, गळ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘इथं भोवरा आहे बघ. खालून वर केस उगवतात. तू वरून खाली ओढतोस ना?’ कलाने कलाने म्हणून मी जे आठवडाभर सांगत होतो, ते त्याच्या गळ्यावर नेमके उलटे होते. शिकवणीचे पैसे तात्यांनी घेतले नाहीत. दाढीचे घेतले, पन्नास रुपये.

हल्ली तो आठवड्यात तीनदा घरी करतो आणि रविवारी त्यांच्याकडे जातो. पुरळ बसले आहे. वापरलेली पाती आम्ही कचऱ्याच्या पिशवीत टाकत नाही. घंटागाडीवरच्या बाईंचा हात त्यात जातो. वडील ती मोरीच्या भिंतीतल्या फटीत सरकवून ठेवत असत. आता भिंतींना फटी नाहीत, म्हणून पुतण्याने क्रीमच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला एक चीर पाडली आहे. डबा भरला की तात्यांकडे द्यायचा. त्यांच्याकडची पाती भंगारवाला डब्यासकट घेऊन जातो.