धूर दिसत नाहीं, म्हणून अग्नि नाहीं काय?

गेल्या पौषांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. माघांत त्याचें लग्न ठरलें होतें. घरांतील मंडळी उठून गेल्यावर त्यानें खिशांतून एक कागद काढला. "गुरुजी, एकदां पाऊल घसरलें. बाराव्या दिवशीं रक्त तपासून घेतलें. एच्. आय्. व्ही. नाहीं असा अहवाल आहे. आतां चिंता मिटली ना?"

आम्हीं त्यास तर्कशास्त्रांतील जुना पाठ आठवून दिला. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण धूर नाहीं म्हणून अग्नि नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. या रोगाचेंही तसेंच आहे. बहुतेक तपासण्या विषाणूविरुद्ध शरीर जीं प्रतिपिंडें निर्माण करतें, तीं शोधतात. तीं निर्माण होण्यास कांहीं आठवडे लागतात. या मधल्या काळास डॉक्टर लोक 'विंडो पीरियड' म्हणतात.

हा काळ तपासणीच्या प्रकारावर अवलंबून असतो. केवळ प्रतिपिंडें शोधणारी तपासणी संसर्गानंतर 23 ते 90 दिवसांत तो दाखवूं शकते. शिरेंतील रक्त घेऊन प्रयोगशाळेंत प्रतिपिंडें व विषाणूचा अंश हीं दोन्ही शोधणारी तपासणी 18 ते 45 दिवसांत, व प्रत्यक्ष विषाणूचें जनुकद्रव्य शोधणारी 10 ते 33 दिवसांत. तेव्हां बाराव्या दिवसाच्या अहवालावर कोणासही निश्चिंत होतां येत नाहीं. केवळ प्रतिपिंडांची तपासणी केली असल्यास 90 दिवस लोटल्यावर ती पुन्हां करावी.

या काळांत अहवाल निर्दोष असला, तरी रक्तांत विषाणु विपुल असूं शकतो व दुसऱ्यास बाधूं शकतो. म्हणून तोंवर निरोधावांचून संबंध नको, आणि रक्तदानही नको. एका ताटांत जेवल्यानें वा स्पर्शानें मात्र हा रोग होत नाहीं.

आणखी एक गोष्ट त्यास कोणीं वेळेवर सांगितली नव्हती. शंकास्पद प्रसंगानंतर 72 तासांच्या आंत, जितकें लवकर तितकें बरें, डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रतिबंधक औषध सुरू करून 28 दिवस घेतल्यास संसर्ग बहुधा टळतो. हें औषध घेणारानें पुढील तपासण्या केव्हां कराव्या, तें डॉक्टरांसच विचारावें. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी मोफत होते. 1097 या क्रमांकावर विचारपूसही करतां येते. संमतीवांचून तपासणी करूं नये व अहवाल गुप्त ठेवावा, असा 2017 चा कायदा आहे.

"पण मुहूर्त?" त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "मुहूर्त वैशाखांतही निघतो. त्या मुलीचा यांत कांहीं अपराध नाहीं." त्यानें धीर करून वडिलांस सर्व सांगितलें, व लग्न पुढें गेलें.

पुढचा अहवाल काय आला, तें लिहिणें आम्हांस उचित वाटत नाहीं. रोग निघालाच, तरी आज नित्य औषधानें मनुष्य दीर्घकाळ जगतो, आणि रक्तांतील विषाणु तपासणींत न दिसण्याइतका कमी राखल्यास संबंधांतून जोडीदारासही बाधा होत नाहीं. वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलगा असें कांहीं सांगावयास आला, तर रागावण्यापूर्वीं किती दिवस झाले तें विचारावें. बहात्तर तास फार लवकर सरतात.