दवाखान्यातला टेबलामागचा माणूस



तालुक्याच्या दवाखान्यात गेलात की आधी गाठ पडते ती डॉक्टरांशी नव्हे, तर दाराजवळ टेबल मांडून बसलेल्या माणसाशी. कोणी त्याला कंपाउंडर म्हणतात, कोणी नंबर लावणारी बाई म्हणतात. मोठ्या दवाखान्यात तो व्यवस्थापक असतो. बारावी झालेली आपली मुले-मुली हल्ली या कामाला लागतात. घरच्यांना वाटते, सावलीत बसून करायचे काम, त्यात अवघड ते काय? तेव्हा या कामाची जोखीम समजून घेऊ.

पहिले काम आलेल्या माणसाकडे नीट पाहण्याचे. नंबर आल्या क्रमाने लावायचा, हे खरे. पण फवारणी करून आलेल्या गड्याला दरदरून घाम फुटला असेल, तोंडातून लाळ गळत असेल, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर त्याला बाकावर बसवून ठेवता येत नाही. साप चावलेला, छातीत कळ आलेला, अंगावरून रक्त जाणारी गरोदर बाई, यांनाही तसेच आत न्यायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. अशा वेळी दहा मिनिटांनाही मोल असते.

दुसरे काम कागदाचे. एका गावात एकाच नावाची तीन माणसे निघतात. म्हणून नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, गाव, कोणते औषध सोसत नाही, हे सारे स्वच्छ अक्षरात लिहावे लागते. दाखल झालेल्या रोग्याचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपावेत आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असा २००२ सालचा नियम आहे. ते कागद वेळेवर सापडणे या माणसाच्या शिस्तीवर असते.

तिसरे काम फ्रिजचे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. धनुर्वाताची लस एकदा गोठली की निकामी होते, बाटली मात्र वरून तशीच दिसते. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तापमान पाहून वहीत लिहायचे आणि वीज गेली तर तजवीज करायची. वापरलेल्या सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा आणि रक्ताच्या कापसासाठी पिवळी पिशवी, असे २०१६ चे नियम सांगतात. उकिरड्यावर टाकलेली सुई शेणखताबरोबर आपल्याच शेतात येते, हे विसरू नये.

चौथे काम सर्वांत कठीण, ते म्हणजे तोंड मिटून ठेवण्याचे. बाजारात भेटलेली मावशी विचारते, "काय गं, त्यांची सून कशाला आली होती?" कुणाचा क्षय, कुणाचे मूल न होणे, कुणाचा गर्भपात, यातला एक शब्द बाहेर गेला तर एखाद्या लेकीचा संसार मोडतो. मग बाया दुखणे अंगावर काढतात, पण दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

आपल्या मुलीला या कामाला पाठवायचे असेल, तर हिशेब, अक्षर आणि संगणक यांबरोबर हे चौथे तिला आधी शिकवा. आणखी एक सांगा. डॉक्टर नसताना आपल्या मनाने गोळी द्यायची नाही, की सुई टोचायची नाही. गावकऱ्यांनी कितीही गळ घातली तरी नाही.

आपल्याकडूनही थोडी मदत व्हावी. जाताना जुने कागद आणि चालू औषधे पिशवीत घ्या. विषबाधा असेल तर रोग्याचे भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली व पत्रक बरोबर न्या. त्यावर विषाचे नाव आणि उतारा दिलेला असतो. आणि मागून आलेल्याला आधी आत नेले तर टेबलामागच्या पोरीशी भांडू नका. उद्या तशीच घाईची वेळ आपल्या घरावरही येऊ शकते.