मुदतवाढ मिळते, हिशेब मिळत नाही

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या संघराज्य सरकारची दारे बंद झाली आणि ती पुरती उघडण्यास १२ नोव्हेंबर उजाडावा लागला. ४३ दिवसांची ही टाळेबंदी त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ ठरली. विमानांना मार्ग दाखविणारे नियंत्रक पगाराविना कामावर येत होते, राष्ट्रीय उद्यानांची देखभाल रखडली होती आणि सरकारी अन्नसाहाय्यावर जगणाऱ्या गरीब कुटुंबांच्या ताटात नोव्हेंबरमध्ये काय पडणार, याचा फैसला न्यायालयांत चालला होता. कोथरूड, सहकारनगर, औंध येथील असंख्य घरांतील मुले-सुना त्या देशात नोकरी करतात. त्यामुळे दूरध्वनीवरच्या साप्ताहिक गप्पांतही हा विषय निघाला आणि येथील ज्येष्ठांनी स्वाभाविक प्रश्न विचारला की, एवढ्या श्रीमंत देशाचे सरकार बंद पडतेच कसे?

उत्तर साधे आहे. तेथे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर काँग्रेसने खर्चाचा कायदा संमत केला नाही, तर अत्यावश्यक सेवा वगळता एक डॉलरही खर्च करण्याचा अधिकार खात्यांना उरत नाही. या वेळी वादाचे मूळ आरोग्यविम्याच्या अनुदानात होते. त्याची मुदत २०२५ अखेर संपत होती व ती वाढवावी की नाही, यावर दोन पक्ष अडून बसले. अखेर जो कायदा झाला, त्याने शेती, माजी सैनिक कल्याण व विधिमंडळ यांना पूर्ण वर्षाचा निधी दिला आणि उरलेल्या खात्यांना केवळ ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा. पूरविमा, दूरस्थ वैद्यकीय सेवा अशा मुदत संपलेल्या योजनांनाही त्याच कायद्यात तात्पुरती मुदतवाढ मिळाली. आरोग्यविम्याचे अनुदान मात्र तसेच लटकत राहिले.

ही बातमी वाचून अनेकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. आपल्याकडे असे कधी घडले नाही आणि घडणारही नाही. हे समाधान खरे आहे, पण ते अर्धेच खरे आहे.

शहाणपण घटनाकारांचे

भारतीय राज्यघटनेनेही तिजोरीला कुलूप लावले आहे. केंद्राच्या बाबतीत अनुच्छेद ११४ आणि राज्यांच्या बाबतीत अनुच्छेद २०४ असे सांगतो की, विनियोजनाच्या कायद्यावाचून एकत्रित निधीतून पैसा काढता येणार नाही. मात्र घटनाकारांनी त्याच कुलपाची दुसरी किल्लीही करून ठेवली. अंदाजपत्रकाची चर्चा लांबली, तर काही महिन्यांपुरते लेखानुदान घेता येते. वर्षाच्या मध्ये गरज पडली, तर पुरवणी मागण्या आणता येतात. शिवाय संसदीय पद्धतीत खर्चाचे विधेयक सभागृहाने फेटाळले, तर कार्यालये बंद होत नाहीत, सरकार पडते. सत्ता आणि तिजोरी एकाच बहुमताच्या हाती असल्याने अमेरिकेसारखा पेच येथे सहसा निर्माण होत नाही.

ही व्यवस्था उत्तम आहे. पण तिने एक वाईट सवयही लावली. पैसा मिळणारच आहे, अशी खात्री असली की तो मागताना कारणे देण्याची निकड वाटेनाशी होते, आणि तो देणाऱ्यालाही प्रश्न विचारण्याची गरज वाटत नाही. अमेरिकेचा आजार अडवणुकीचा आहे, तर आपला आजार डोळेझाकीचा आहे.

संसदेतील अनुभव पाहावा. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत गोंधळ सुरू असताना सर्व खात्यांच्या मागण्या एकाच फटक्यात, चर्चेविना संमत झाल्या. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च याच पद्धतीने संमत झाला. २०१३ मध्ये वेगळे सरकार सत्तेवर होते, तेव्हाही हेच घडले होते. संसदीय भाषेत याला गिलोटिन म्हणतात. कधी विरोधकांनी सभागृह चालू दिले नाही, कधी सत्ताधाऱ्यांना ते चालावे असे फारसे वाटले नाही. दोष एका पक्षाचा नाही, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे.

महाराष्ट्राचेही वेगळे नाही. २०२५-२६ चे राज्याचे अंदाजपत्रक सुमारे ७ लाख कोटी रुपयांचे होते. त्यानंतर पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या आणि हिवाळी अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. आदल्या वर्षी, २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात तर एका दमात ९४ हजार ८८९ कोटींच्या मागण्या मांडल्या गेल्या होत्या. या रकमांतील काही भाग जमाखर्चाच्या जुळवणीचा असतो व प्रत्यक्ष भार त्याहून कमी असतो, हे मान्य. अतिवृष्टी, दुष्काळ यांसाठी अकस्मात पैसा लागतो, हेही मान्य. तरीही मूळ अंदाजपत्रकाच्या जवळपास एक पंचमांश इतक्या मागण्या पुरवणीतून येत असतील, तर मार्चमध्ये ज्याची एवढी चर्चा होते, तो अंदाज नेमका कशाचा, असा प्रश्न सामान्य करदात्याने विचारला तर त्याचे काय चुकले?

पुण्याचा दाखला

पुणेकरांना हा विषय मुंबई-दिल्लीचा वाटू नये, इतका तो दारात आला आहे.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान डिसेंबर २००५ मध्ये सात वर्षांसाठी सुरू झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग झाला. सात वर्षांत अभियान आटोपले नाही, म्हणून त्याला मुदतवाढ मिळाली. त्यानंतर स्मार्ट सिटी अभियान आले. २५ जून २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बालेवाडीत त्यातील प्रकल्पांचा आरंभ झाला. औंध-बाणेर-बालेवाडी परिसरासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. या अभियानाची मुदतही पुनःपुन्हा वाढत जाऊन अखेर ३१ मार्च २०२५ रोजी ते संपले. प्रत्येक वेळी मुदत वाढली तेव्हा वृत्तपत्रांत एक चौकट आली. पण मूळ मुदतीत काय व्हावयाचे होते, काय झाले, उभारलेल्या यंत्रणांची देखभाल पुढे कोणाच्या खर्चाने होणार, याचा ताळेबंद नागरिकांपुढे कोणी वाचून दाखविला नाही. दिल्लीचा निधी थांबतो, तेव्हा यंत्रणेचा भार निमूटपणे महापालिकेच्या, म्हणजेच मिळकतकर भरणाऱ्याच्या माथी येतो.

मुळा-मुठा नद्यांची कथा याहून बोलकी आहे. नदी प्रदूषण नियंत्रणाचा ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, त्यातील ८५ टक्के वाटा केंद्राने उचलला आणि जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या सहकार्य संस्थेशी कर्जकरारही झाला. ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण व्हावयाची होती. तो जानेवारी आला आणि गेला, तेव्हा त्यांपैकी एकही केंद्र उभे नव्हते. पैसा होता, मंजुरी होती, परकीय साहाय्य होते. नव्हता तो वेळेचा जाब विचारणारा. पुन्हा मुदतवाढ झाली. मधल्या वर्षांत शहराचे सांडपाणी नदीतून भीमेला आणि पुढे उजनीला मिळतच राहिले. दौंड-इंदापूरच्या बाजूला नदीकाठी राहणाऱ्यांनी त्या मुदतवाढीची किंमत मोजली. त्यांचे मत मात्र कोणत्याही सभागृहाने विचारले नव्हते.

याच राज्यात याच्या नेमके उलटही घडले. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. मागास भागाला निधीचा न्याय्य वाटा मिळतो की नाही, हे पाहणे हे त्यांचे काम. ठरावीक काळाने त्यांना मुदतवाढ मिळत गेली. ३० एप्रिल २०२० रोजी मात्र मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. मंडळे अपयशी ठरली म्हणून विधिमंडळाने साधकबाधक चर्चेअंती ती बरखास्त केली, असे झाले नाही. केवळ कालावधी संपला. त्यांच्या पुनर्स्थापनेचा ठराव मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये केला. तात्पर्य, जे रखडले त्याला आपोआप वाढ आणि जे हिशेब मागत होते त्याला आपोआप विश्रांती.

सभागृहावाचून अंदाजपत्रके

या साऱ्यावर कळस चढला तो पुणे महापालिकेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. प्रत्यक्षात मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात २०२३-२४ चे ९ हजार ५१५ कोटींचे, २०२४-२५ चे ११ हजार ६०१ कोटींचे आणि २०२५-२६ चे १२ हजार ६१८ कोटींचे अंदाजपत्रक आले. ते मांडले प्रशासनाने आणि मंजूरही केले प्रशासकानेच. मागणारा व देणारा एकच! प्रशासक अप्रामाणिक होते, असे मुळीच नव्हे. परंतु प्रामाणिक कारकुनाच्या वहीवरही दुसऱ्याची सही लागते, ही साध्या पतपेढीतही पाळली जाणारी रीत आहे.

ही रीत या शहराला नवी नाही. पेशवाईत मामलेदाराच्या कारभारावर दरखदार नेमलेले असत. मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस अशी ती मंडळी. त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला नसे आणि त्यांच्या सहीवाचून हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात ग्राह्य धरला जात नसे. खर्च करणाऱ्यावर खर्च न करणाऱ्याची नजर हवी, हे तत्त्व परकीयांकडून शिकावे लागलेले नाही.

आणि याच पुण्याने देशाला गोपाळ कृष्ण गोखले दिले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिल्लक दाखवीत होते आणि रयत मिठावरील कराने पिचत होती, ही विसंगती त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी उघडी पाडली. त्या काळी सभासदाला अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. एक रुपया कमी करण्याचाही अधिकार हाती नसलेल्या या फर्ग्युसनच्या प्राध्यापकाने गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाच्या मदतीने रात्ररात्र जागून आकडे पडताळले. १९०३ मध्ये मिठावरील कर कमी झाला. आज प्रत्येक लोकप्रतिनिधीजवळ मताचा अधिकार आहे. उणीव आहे ती त्या रात्रींच्या जागरणाची.

करावे काय?

महाराष्ट्रानेच याचा एक धडा घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. वि. स. पागे यांची ती कल्पना तात्पुरत्या मदतीवर थांबली नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू करून तिच्यासाठी पैशाची सोय झाली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुण्या-मुंबईतील नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा कर दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम देऊ लागला. उद्दिष्ट स्पष्ट, पैशाचा मार्ग स्पष्ट आणि हक्क कायद्याने बांधलेला. म्हणूनच २००५ मध्ये केंद्राने देशव्यापी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राकडे पाहिले गेले.

आता महापालिकेत निर्वाचित सभागृह परतले आहे. त्याने एवढा एक नियम स्वतःला घालून घ्यावा की, कोणत्याही प्रकल्पाची मुदत वाढविताना मूळ मुदत, झालेला खर्च, उरलेले काम, विलंबाचे कारण आणि पुढील देखभालीचा भार असा पाच ओळींचा तक्ता सभागृहापुढे आलाच पाहिजे, व तो आल्याशिवाय मत पडणार नाही. विधिमंडळाने पुरवणी मागण्यांसाठी हीच शिस्त लावावी. याला नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही लागत नाही.

आणि नागरिकांचे काय? शाखा, वाचनालय, गणेशोत्सव मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, भिशी, असे एकत्र येण्याचे निमित्त प्रत्येक मोहल्ल्यात आहे. निवृत्त लेखापाल, अभियंते, शिक्षक यांची या शहरात वाण नाही. प्रत्येक प्रभागातील चार जणांनी अंदाजपत्रकातील आपल्या भागाची पाने घेऊन बसावे, पाच कामे निवडावीत आणि वर्षअखेर त्या पाच कामांची जागेवर जाऊन पाहणी करावी. नगरसेवकाला नमस्कार करून नम्रपणे विचारावे की, हे काम कोठवर आले?

अमेरिकेत खर्चावर भांडण इतके विकोपाला गेले की, सरकार ४३ दिवस बंद पडले. ते अनुकरणीय नाही. पण तेथील प्रत्येक करदात्याला त्या काळात एवढे तरी कळले की, कोणत्या कामासाठी किती पैसा अडला आहे. आपले सरकार एक दिवसही बंद पडत नाही, ही अभिमानाची गोष्ट खरीच. मात्र ते कशासाठी चालू आहे, हे विचारणे ज्या दिवशी आपण बंद करतो, त्या दिवशी कुलूप तिजोरीला नव्हे, नागरिकत्वालाच लागलेले असते.